दोन ब्रेकची गाडी

अप्पांनी काकांना स्वतः फोन केला, तेव्हाच घरातल्या सगळ्यांना कळून चुकलं की प्रकरण साधं राहिलेलं नाही.

काका म्हणजे अप्पांचा सख्खा धाकटा भाऊ. परवाना कचेरीच्या फाटकाबाहेर छत्री उघडून बसणारा एजंट. अप्पांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ज्याला साधी गाडी मागे घेता येत नव्हती, अशा एका माणसाला काकांनी मागच्या दारानं पास करून आणलं, आणि त्या दिवसापासून अप्पांनी भावाचं नाव टाकलं. कुणाच्या लग्नात दोघे समोरासमोर आले तर अप्पा पाणी प्यायचं निमित्त काढून उठायचे. "हा परवाने वाटत नाही, अपघात वाटतो," असं ते चारचौघांत म्हणायचे. काका हसून सोडून द्यायचे.

आज तेच काका स्कूलच्या पुढच्या खोलीत, शिकाऊ लोकांच्या बाकावर बसले होते. मागे भिंतभर वाहतुकीच्या खुणांचे तक्ते होते, कोपऱ्यात शिकवण्यासाठी उघडून ठेवलेला जुना गिअरबॉक्स होता. आई चहा ठेवून गेली. जाताना तिनं दिराकडे असं पाहिलं की काकांना चहा घेणं भागच पडलं.

अप्पा खिडकीशी उभे होते. या भागात त्यांना सगळे 'पांढरी रेघ' म्हणत. सिग्नलला गाडीचं एक चाक जरी रेघेवर गेलं, तरी ते शिकाऊ माणसाला खाली उतरवून, भर रहदारीत, ती रेघ दाखवायचे. रांगेत घुसणारा, फुटपाथवर गाडी लावणारा, दवाखान्यासमोर भोंगा बडवणारा, कुणालाही त्यांनी कधी सोडलं नाही. लोक त्यांना टाळायचे, पाठीमागे नकला करायचे, पण त्यांच्याकडे बोट दाखवायला कुणाला जागा नव्हती. तेवढी एकच श्रीमंती त्यांच्याजवळ होती, आणि ती त्यांनी जरा जास्तच मिरवली, हेही सांगून टाकलेलं बरं.

आणि आज सकाळी त्यांच्याच स्कूलच्या गाडीनं, पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवरून चाललेल्या एका नर्सला उडवलं होतं. गाडी त्यांचा मुलगा, बाळ, चालवत होता. शेजारी अप्पा होते.

"पाय मोडलाय," अप्पा खिडकीकडे बघतच म्हणाले. "घोट्याच्या वर. आम्हीच उचलून दवाखान्यात नेलं. तिथेच कामाला आहे ती. ड्यूटीवरच निघाली होती."

"पाहिलं कुणी?"

"सकाळची वेळ, रस्ता रिकामा. एक टेम्पो होता, पट्ट्यांना चिकटून लावलेला. ती त्याच्या आडून आली. टेम्पोवाला लगेच पसार झाला."

"आणि ती बाई काय म्हणते?"

"तिनं गाडीवरचा बोर्ड तेवढा पाहिला."

"चौकीवर काय सांगितलंत?"

"हवालदार दवाखान्यातच आला होता. म्हणाला, संध्याकाळी चालकाला परवान्यासकट घेऊन या." अप्पा थांबले. "चालक कोण, ते त्यानं विचारलं नाही. मी सांगितलं नाही."

हे शेवटचं ते इतकं हळू म्हणाले की काकांनी कप तोंडापर्यंत नेलेला तसाच धरला. आपल्या भावाला त्यांनी आयुष्यात कधी खालच्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं.

"मग मला कशाला बोलावलंत दादा?"

"स्कूलचा परवाना बाळच्या नावावर आहे. पुढच्या आठवड्यापासून बस आगारातल्या चालकांना शिकवायचं काम मिळायचंय. त्यांची पहिली अट हीच, शिकवणाऱ्याच्या नावावर एकही नोंद नको. बाळचं नाव आज तिथे लागलं की ते काम गेलं. आणि स्कूलही गेलं असं समज."

"चौकीतले साहेब माझ्या ओळखीचे आहेत. चांगले ओळखीचे आहेत. पण माणूस जखमी होऊन पडलाय दादा. कुणाचं तरी नाव लिहावंच लागणार. ती जागा कोरी नाही सोडता येत."

"ताईचं लिहू दे," अप्पा म्हणाले.

काकांनी कप खाली ठेवला. हे ऐकण्याची तयारी ठेवूनच ते आले होते, पण इतक्या लवकर नाही.

"मी लोकांना पास करून देतो, ते खरं आहे," काका म्हणाले. "पण एकाची चूक दुसऱ्याच्या गळ्यात कधी नाही घातली."

"मला शिकवू नकोस."

"शिकवत नाही, विचारतोय. एवढी वर्षं मला दारात उभं केलं नाहीत, ते ज्या कारणासाठी, ते कारण आता कुठे गेलं?"

 अप्पांनी सकाळपासून सगळं नीट जुळवून ठेवलं होतं. ताई म्हणजे त्यांची मुलगी, बाळची बहीण; तिच्या परवान्यावर घर चालत नव्हतं. ती बायकांच्या दोन तुकड्या शिकवायची, दुपारी आणि संध्याकाळी. तिला नवरा नाही, मूल नाही, लग्न मोडून परत आली त्याला किती तरी वर्षं झाली. सहा महिने परवाना अडकला तर घरी बसेल, विश्रांती मिळेल. शिवाय बाई म्हटली की चौकीवरही सांभाळून घेतात. प्रत्येक मुद्दा खरा होता. अप्पांना हे ठाऊक होतं आणि तरी त्यांच्याच्यानं खिडकीपासून हलवेना.

---

सूनबाई आतल्या दाराआड उभी होती. तिनं शब्दन् शब्द ऐकला. 'ताईचं' हा शब्द कानावर पडला आणि तिचा जीव भांड्यात पडला. मग तिला स्वतःचीच शरम वाटली. दोन्ही गोष्टी इतक्या पाठोपाठ झाल्या की पहिली कुठे संपली ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

नणंदेशी तिचं फारसं कधी जमलं नव्हतं. घर लहान, माणसं जास्त, आणि ताई स्वतःची खोली कुलूप लावून जायची म्हणून सूनबाई बरेच दिवस फुगून होती. पण तिला गाडी शिकवली ती ताईनंच. बाजाराच्या मागच्या मोकळ्या मैदानावर, दुपारी, अप्पांची झोप चालू असताना. ती चुकली तरी ताई कधी ओरडली नाही. फक्त म्हणायची, परत कर.

बाळ पलंगाच्या काठावर बसला होता. चाळिशीला टेकलेला माणूस, पण घरानं ठेवलेलं नाव काही सुटलं नाही आणि त्यानंही ते कधी झटकलं नाही.

"ऐकलंत का, बाहेर काय चाललंय?" सूनबाईनं विचारलं.

"हं."

"तुम्ही काहीच बोलणार नाही?"

"मी ब्रेक मारलाच नाही," बाळ म्हणाला.

तिला आधी कळेना, हा कशाचं उत्तर देतोय.

"दिसली मला ती," तो म्हणाला. "चांगली दिसली. टेम्पोच्या आडून आली, खांद्याला निळी बॅग होती. पाय खाली दाबायचा, एवढंच करायचं होतं. आणि मी वाट बघत राहिलो."

"कुणाची?"

"अप्पांची."

स्कूलच्या गाडीला ब्रेक दोन असतात. एक चालवणाऱ्याच्या पायाखाली, एक शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्याच्या पायाखाली. बाळ अठरा वर्षांचा झाल्यापासून अशा गाडीत अप्पांच्या शेजारी बसून चालवत आला होता, आणि ऐन वेळेला अप्पांचा पाय नेहमी त्याच्या आधी पडायचा. पुढे तो एकटा चालवायला लागला, शेकडो लोकांना शिकवायला लागला, तेव्हा त्याच्या हातून कधी काही घडलं नाही. पण अप्पा शेजारी येऊन बसले की त्याचा पाय आपोआप सैल पडायचा. हे त्याला स्वतःला आज सकाळपर्यंत माहीत नव्हतं.

"मग अप्पांनी का नाही मारला?"

"अप्पा डोकं खिडकीबाहेर काढून त्या टेम्पोवाल्याला झापत होते. पट्ट्यांजवळ गाडी लावली म्हणून."

सूनबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडातून जो आवाज निघाला तो हसण्याचा वाटला, म्हणून तिनं घाईघाईनं पदर तोंडाला लावला. हसू नव्हतं ते.

---

ताई दवाखान्यातून परत आली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. बाहेर उभ्या असलेल्या गाडीचा पुढचा भाग एका बाजूनं आत गेला होता. येता-जाता लोक थांबून, वरचा बोर्ड वाचून पुढे जात होते. आत सगळे पुढच्या खोलीत जमलेले बघून तिला नवल वाटलं नाही. काकांना बघून मात्र ती दारातच थबकली.

"काका, तुम्ही?"

"बस, ताई."

"आधी सांगते," ताई बसत म्हणाली. "भेटले मी तिला. शुद्धीवर आहे, बोलतेय. तिच्या घरचे आलेत. नवरा, सासू, दीर. आणि प्रत्येक जण तिलाच विचारतोय, बघून का नाही चाललीस. ती मला म्हणाली, 'अहो, मी पट्ट्यांवरच होते. पट्ट्या असतात कशाला?' यावर मी काय बोलणार होते?"

 आई येऊन दाराशी उभी राहिली.

"ताई," अप्पा म्हणाले, आणि पुढचं त्यांनी सगळं सांगितलं. शिकवताना सांगत तसं, पायरीपायरीनं, कुठलीही पायरी न गाळता. बस आगार, स्कूलचा परवाना, चौकी, काकांची ओळख. सगळ्यात शेवटी तिचं नाव.

ताईनं पूर्ण ऐकून घेतलं. मग ती बाळकडे वळली.

"ब्रेक कुणी मारला?"

"ते महत्त्वाचं नाही आता," अप्पा म्हणाले.

"मला महत्त्वाचं आहे. रस्त्यावर टायरच्या खुणा नाहीत. येताना उतरून बघितलं मी. गाडी ब्रेक लागून थांबलेली नाही, तिला धडकल्यावरच थांबलीय. दोन शिकवणारे, दोन ब्रेक, आणि एकही लागला नाही. म्हणून विचारतेय."

"अप्पा होते शेजारी," बाळ पुटपुटला.

"म्हणजे?" अप्पा खिडकीपासून वळले. "तुझ्या पायाखाली काय होतं? तू कोण, शिकाऊ आहेस का?"

"तुम्ही नेहमी मारता."

"नेहमी मारतो म्हणजे? तू चालवत होतास!"

"नेहमी मारता अप्पा! मी पाय उचलायच्या आत मारता. आयुष्यात कधी मला पुरतं थांबू दिलंय तुम्ही? आणि आज, आज नेमका तो टेम्पो..."

"टेम्पो चुकीच्या जागी होता!"

"होता ना. म्हणून तुम्ही त्याला शिस्त लावत होता. आणि मी बाईच्या अंगावर घातली."

अप्पांचा चेहरा पडला. सकाळपासून त्यांना जे कळत होतं आणि जे त्यांनी स्वतःला कळू दिलं नव्हतं, ते मुलानं सगळ्यांसमोर बोलून टाकलं होतं. काकांनी नजर वळवली आणि भिंतीवरच्या तक्त्यातली एक खूण बघत बसले. भावाला असा उघडा पडलेला बघायची इच्छा त्यांनी किती वर्षं बाळगली होती, आणि आता ते होत होतं तर त्यांना तिथून उठून जावंसं वाटत होतं.

"माझं एक सांगते," ताई शांतपणे म्हणाली. "माझ्या शेजारी अप्पा कधी बसलेच नाहीत. मुलीला कशाला हवं, म्हणून. स्कूलच्या मेकॅनिकनं शिकवलं मला, तेही मागच्या सीटवर बसून, कारण तरुण पोरीच्या शेजारी बसणं बरं दिसलं नसतं. त्यामुळे थांबायचं असलं की मला स्वतःलाच थांबावं लागतं. या घरात ही चूक जिच्या हातून होऊच शकत नाही अशी एकटी मी आहे. आणि नाव माझं लावायचं."

"खरंच आहे ताईंचं," सूनबाई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. तिनं बोलायचं ठरवलेलं नव्हतं.

"तू मध्ये पडू नकोस," बाळ म्हणाला.

"मध्ये मी कधीच नव्हते. आज पहिल्यांदा आलेय. मला ते आगाराचं काम हवंय, खोटं कशाला सांगू? तुमच्यापेक्षा जास्त हवंय. पण हे असं मिळालेलं आपल्या मुलीला मी काय म्हणून सांगू? आत्याचं नाव देऊन आणलं म्हणून?"

 बाळ वाईट माणूस नव्हता. त्याला कधी कुणी निर्णय घेऊ दिला नव्हता आणि त्यानं कधी मागितलाही नव्हता, एवढंच. सोयीचं होतं ते.

"सगळे बाहेर व्हा," आई म्हणाली. "मला माझ्या मुलीशी बोलू द्या."

---

बाहेर कुणी गेलं नाही. आईच ताईला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

आईला वाटत होतं, आपण हे काम नीट करू. घरातली सगळी अवघड कामं शेवटी तिच्याकडेच यायची. सासूचं आजारपण, मुलीचं मोडलेलं लग्न, प्रत्येक वेळी तिनं कुणाला तरी एका खोलीत नेलं होतं आणि बाहेर येताना गोष्ट मिटलेली होती. पण मुलीसमोर बसल्यावर तिचा हात नुसताच चादरीवरची घडी सारखी करत राहिला.

"तू परत आलीस तेव्हा," ती म्हणाली, "यांनी तुला एक शब्द विचारला नाही. आठवतंय? लोक काय वाट्टेल ते बोलत होते. हे म्हणाले, तिचं घर आहे, ती आली. संपलं."

"आठवतंय आई."

"तेवढ्यासाठी तरी."

"तेवढ्याची परतफेड अजून किती वर्षं चालणार आहे?"

"असं नको बोलूस गं. मी तुला हात जोडते. स्कूल बंद पडलं तर हा माणूस जगायचा नाही. बोलेल, चालेल, पण जगायचा नाही. तुला काय होणार आहे? बाईमाणूस म्हणून सोडून देतील."

"सोडून देत नाहीत आई. बाईमाणूस म्हणूनच धरतात. माझ्याकडे बत्तीस बायका शिकतायत. कुणाचा नवरा चिडवतो, कुणाचा मुलगा हसतो, कुणाला सासरी सांगितलेलंच नाही. उद्या गावभर होईल, त्यांच्या मास्तरणीनं पट्ट्यांवर बाई उडवली. माझा परवाना सहा महिन्यांनी परत मिळेल. त्यातली एक तरी बाई परत येईल?"

 आई रडायला लागली. आवाज न करता, तोंड फिरवून, तिला आयुष्यभर जसं रडावं लागलं तसं. ताईला तिचा राग आला. मग कीव आली. मग एकदम सगळ्याचाच कंटाळा आला. ती ज्या गोष्टीसाठी भांडत होती ती बरोबर होती आणि तरी त्या बरोबर असण्याचं ओझं तिच्याच्यानं पेलवेना. बाहेर म्हातारा बाप उभा होता. आत आई हात जोडून बसली होती. या घरात नाही म्हणणारी ती पहिली ठरणार होती आणि मग जन्मभर याच घरात राहणार होती.

"बरं," ती म्हणाली. "चला."

"म्हणजे?"

"म्हणजे चला चौकीवर. परवाना देते माझा. पुढचं ज्याला बोलायचं त्यानं बोलावं. मी माझ्या तोंडानं खोटं बोलणार नाही."

आईनं तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. ताई पर्स शोधायला उठली.

---

चौकी जवळच होती, चालतच गेले. सूनबाई आली नाही. "मला तिथे उभं राहवणार नाही," एवढं बोलून ती स्वयंपाकघरात निघून गेली आणि बाळनं तिला थांबवलं नाही. वाटेत एकानं फुटपाथवर गाडी चढवून लावली होती. अप्पा तिच्या बाजूनं खाली रस्त्यावर उतरले आणि काही न बोलता पुढे गेले. काकांनी ते पाहिलं. त्यांना त्याचं फार वाईट वाटलं.

चौकीतले साहेब गुबगुबीत, हसतमुख होते. काकांना बघून त्यांनी खुर्च्या मागवल्या. अप्पांना बघून तर ते उठून उभे राहिले.

"या, या. तुम्हाला इथे यावं लागलं, मलाच बरं वाटत नाहीये. तुमच्यासारखी माणसं राहिलीत कुठे आता? माझ्या भाच्याला तुम्ही दोनदा नापास केलंत, पण मी म्हटलं, बरोबर केलंत."

अप्पा बसले. त्यांच्या शेजारी काका, मग बाळ. ताईला खुर्ची उरली नव्हती, ती उभीच राहिली. साहेबांनी रजिस्टर उघडलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"चालकाचा परवाना द्या."

ताईनं पर्समधून परवाना काढला आणि टेबलावर ठेवला. साहेबांनी तो उचलून फोटो पाहिला, ताईकडे पाहिलं, आणि खुर्चीत मागे रेलले.

"वाटलंच मला. हवालदारानं सांगितलं तेव्हाच म्हटलं, पट्ट्यांवरचं धडधडीत माणूस दिसलं नाही म्हणजे बाई असणार." ते मोकळेपणानं हसले. "रागावू नका हो ताई. पण अप्पा, तुम्हीच सांगा. तुम्ही कितीही शिकवा, बायकांचा पाय वेळेवर ब्रेकवर जातच नाही. काय?"

अप्पांनी मान हलवली.

"खरं आहे," ते म्हणाले. "मी आयुष्यभर बघतोय."

ताई बापाच्या चेहऱ्याकडे बघत होती. ते खोटं निभावून नेत असते, तर तिनं ते समजून घेतलं असतं. त्यासाठीच तर ती आली होती. पण अप्पांच्या चेहऱ्यावर निभावून नेण्याची धडपड नव्हती, चोरटेपणा नव्हता. दिवसभरात पहिल्यांदा ते मोकळे दिसत होते. आपल्याला पटलेली गोष्ट समोरच्या शहाण्या माणसानं बोलून दाखवली, याचं समाधान त्यांच्या तोंडावर होतं. काही न ठरवता त्यांची मान हलली होती.

"अप्पा," ती म्हणाली.

त्यांनी वर पाहिलं.

"गाडी कोण चालवत होतं?"

  काकांनी डोळे मिटून घेतले. अप्पा मुलीकडे बघत राहिले, आणि तिला स्पष्ट दिसलं की त्यांना ते आठवावं लागतंय. सकाळी घडलेली गोष्ट. ते स्वतः शेजारी बसलेले होते. त्यांना खरोखरच आठवावं लागलं.

ताईनं हात पुढे करून साहेबांच्या बोटांमधून आपला परवाना काढून घेतला.

"हा माझा आहे साहेब. मी सकाळी घरी होते. गाडी माझा भाऊ चालवत होता."

"ताई!" बाळ म्हणाला.

"तू चालवत होतास की नाही, तेवढं सांग."

बाळनं अप्पांकडे पाहिलं, बराच वेळ. अप्पा टेबलाकडे बघत होते. शेवटी बाळनं खिशात हात घातला.

"मी चालवत होतो," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "तिची काही चूक नव्हती. ती पट्ट्यांवर होती. मला दिसली होती."

साहेबांचं हसू कुठल्या कुठे गेलं. त्यांनी आधी काकांकडे रागानं पाहिलं, मग रजिस्टरकडे, मग अप्पांकडे. त्यांना फसवलं गेल्याचा राग होता, पण त्याहून जास्त ते गोंधळले होते.

"मग अप्पा," ते म्हणाले, "तुम्ही आयुष्यभर काय बघत होता?"

अप्पांनी तोंड उघडलं. ताईनं परवाना पर्समध्ये ठेवला, पर्सची चेन लावली, आणि बापाच्या उत्तराची वाट बघत तिथेच उभी राहिली. तिची संध्याकाळची तुकडी एव्हाना येऊन थांबली असणार होती. तरी ती थांबली.